लेन्स, पाणी आणि उसाचं पातं

जुन्नर-आंबेगावात कॉन्टॅक्ट लेन्स घेताना आणि वापरताना काय करावे, काय टाळावे

"लेन्स टाकली" असं आमच्याकडे कुणी म्हटलं, की समोरचा विचारतो, "ऑपरेशन कधी झालं?" जुन्नर-आंबेगावात लेन्स हा शब्द मोतीबिंदूचं बोट धरून आला. नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आणि डॉ. मनोहर डोळे यांची नेत्रशिबिरं यांनी तो घरोघरी नेला. डॉ. डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

आजीच्या डोळ्यातली ती लेन्स डोळ्याच्या आत बसते आणि जन्मभर तिथेच राहते. नात कॉलेजला जाताना घालते ती लेन्स बुबुळावर, अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. दोन्ही लेन्सचं कूळ मात्र एकच. १९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुओही यांनी फक्त बुबुळाच्या पारदर्शक पडद्यापुरती, अख्खी प्लॅस्टिकची कॉन्टॅक्ट लेन्स बनवली. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवली. महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्या प्लॅस्टिकचे कण गेले होते आणि डोळ्यांनी ते सोसले होते, हे रिडलींनी पाहिलं होतं.

फरक एवढाच, की आजीची लेन्स मातीपासून आणि विहिरीच्या पाण्यापासून डोळ्याच्या भिंतीआड सुरक्षित आहे. नातीची उघड्यावर आहे. शहरासाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये द्राक्षाची फवारणी नसते, रात्रीचं भरणं नसतं, उसाचं पातं नसतं. म्हणून ही यादी आपल्या दोन तालुक्यांसाठी. मी स्वतः मायनस ६ नंबरचा माणूस, चौदा वर्षं लेन्स वापरतोय. डाव्या बुबुळाच्या कडेला एक बारीक पांढरा डाग आहे. तो कसा पडला ते ओघात येईलच.

आधी डोळ्याबद्दल एक गोष्ट

बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. रक्त असतं तर आरपार दिसलं नसतं. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? दिवसा उघड्या डोळ्याला तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून मिळतो. लेन्स म्हणजे या वाटेवर ठेवलेलं झाकण. गेल्या सव्वाशे वर्षांचा लेन्सचा इतिहास हा त्या झाकणातून हवा कशी जाईल याचाच शोध आहे.

सुरुवात मात्र पाण्यापासून झाली. १५०८ मध्ये लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलं, की पाण्याच्या भांड्यात चेहरा बुडवला तर डोळ्याची नजर बदलते. १८०१ मध्ये थॉमस यंग यांनी पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावून तेच तपासलं. घालता येईल अशी लेन्स १८८८ मध्ये झुरिकच्या अडॉल्फ फिक यांनी केली. ती जाड काचेची होती, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची. काच आणि बुबुळ यांच्यामध्ये त्यांनी द्राक्षशर्करेचं पाणी भरलं होतं. द्राक्षाच्या तालुक्यात हे वाचताना मला फार आपलं वाटलं. ती लेन्स दोन-एक तासांच्या वर सोसवत नसे.

मऊ लेन्स चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांची. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक त्यांनी आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी शोधलं होतं, पण त्याची लेन्स घडवता येईना. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरातल्या स्वयंपाकघरात, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभं केलं आणि फिरत्या साच्यात लेन्स ओतल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत अशा मऊ लेन्स विकायला परवानगी मिळाली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर रोज फेकायच्या लेन्स आल्या आणि दशक संपता संपता सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यातून प्राणवायू आधीच्या मऊ लेन्सपेक्षा कितीतरी जास्त जातो.

मऊ लेन्समध्ये पाणी मुरलेलं असतं, हे लक्षात ठेवा. ती स्पंजासारखी आहे. चांगलं पाणी पिते तसं वाईटही पिते. पुढच्या निम्म्या सूचना या एका वाक्यातून निघतात.

घेण्याआधी: काय करावे

डोळे लेन्ससाठी वेगळे तपासून घ्या. चष्म्याचा कागद लेन्सला चालत नाही. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स बुबुळावरच असते. त्यामुळे नंबर बदलतो. मायनस ६ चा चष्मा असेल तर लेन्स सुमारे मायनस ५.५० ची लागते. प्लस ६ चा असेल तर उलट वाढून प्लस ६.५० च्या आसपास जाते. नंबर ४ च्या आत असेल तर फरक नगण्य. शिवाय बुबुळाची गोलाई मोजावी लागते, पापण्यांची आतली बाजू बघावी लागते, अश्रू पुरेसे आहेत का ते पाहावं लागतं. हनुवटी टेकवून दुर्बिणीसारख्या यंत्रातून डोळा न बघता कुणी लेन्स देत असेल, तर तिथून उठा.

तुमचं खरं काम सांगा. "शिक्षण चालू आहे" एवढं सांगून थांबू नका. सकाळी गोठा, दुपारी टोमॅटोची तोडणी, आठवड्याला फवारणी, रात्री मोटर चालू करायला जाणं, रोज दुचाकीवर वीस किलोमीटर, हे सगळं सांगा. कोणती लेन्स द्यायची हे नंबरापेक्षा यावरून जास्त ठरतं.

चाचणीची लेन्स घालून अर्धा तास बसा. डोळा मिटून उघडला की लेन्स किंचित हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट आहे, तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत. फार हलत असेल तर दिवसभर खुपेल.

घालायला आणि विशेषतः काढायला तिथेच शिका. स्वतःच्या हाताने तीनदा काढता आल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका. रात्री अकरा वाजता घोडेगावच्या पलीकडच्या वाडीत लेन्स निघत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलीला फोनवरून धीर द्यायचं काम मी केलं आहे. (डोळा कोरडा पडला की लेन्स चिकटते. सोल्यूशनचे किंवा कृत्रिम अश्रूंचे दोन-चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं, मग काढायची. नखाने ओरबाडायचं नाही.)

घेण्याआधी: काय टाळावे

लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लेन्स घालू नका. हळदीचा हात डोळ्याला लागतो, होमाचा धूर असतो, डोळे भरून येतात, आणि दिवस पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालतो. किमान महिनाभर आधी सवय करा. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तासा-दोन तासांनी वाढवत न्या. आणि चष्मा लागतो हे मुलाकडच्यांना आधी सांगून टाका. लेन्स ही नंबर लपवायची वस्तू होऊ लागली, की मुलगी ती डोळा लाल झाला तरी काढत नाही. हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचा फार राग येतो.

भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे. वैद्यकीय तपासणीला लेन्स घालून जाऊ नका. डोळा यंत्राखाली गेला की ती दिसतेच. जाहिरातीतले नजरेचे निकष आधीच वाचा आणि डोळे तपासून घ्या.

नुसता चष्म्याचा नंबर टाकून ऑनलाइन मागवू नका. पहिली लेन्स डोळ्यावर बसवून बघायलाच हवी. पुढचे डबे त्याच नावाचे, त्याच मापाचे ऑनलाइन घेतले तर हरकत नाही.

ब्यूटी पार्लरमधली रंगीत लेन्स नको. एकीने घातलेली दुसरीने घालायची तर अजिबात नको. नारायणगाव हे तमाशाच्या फडांचं गाव आहे, मंचरला आणि जुन्नरला नाटकं-गॅदरिंगं होतात, रंगमंचासाठी निळे-घारे डोळे हवेसे वाटणं मला समजतं. पण नंबर शून्य असला तरी ती लेन्सच असते. बुबुळाचं माप न घेता घातली तर तीही घासते, तीही श्वास कोंडते. हवीच असेल तर तपासून, स्वतःच्या मापाची, स्वतःपुरती घ्या.

कोणती घ्यावी

शेतीवाडीतल्या माणसाला मी एकच सांगतो: रोज फेकायची. सकाळी पाकीट फोडायचं, संध्याकाळी लेन्स कचऱ्यात. डबी नाही, सोल्यूशन नाही, धुणं नाही. म्हणजे अस्वच्छ पाण्याशी गाठ पडण्याच्या बहुतेक वाटा बंद. महाग पडते हे खरं आहे. पण रोज घालायलाच हवी असं कुठे आहे? शेतात चष्मा, आणि लग्न, प्रवास, कबड्डीचा सामना यासाठी लेन्स असं ठरवलं, तर तीस जोड्या दोन-तीन महिने पुरतात.

पुण्याला नोकरीला रोज ये-जा करणाऱ्यांना महिन्याची लेन्स परवडते. वर्षाचा हिशेब असा करा: दोन डोळ्यांच्या मिळून २४ लेन्स, म्हणजे सहाच्या डब्यांचे ४ डबे, वर सोल्यूशनच्या बाटल्या. रोजची वर्षभर घालायची तर ७३० लेन्स. दोन्ही आकडे दुकानातल्या भावाशी गुणून बघा, मगच स्वस्त-महाग बोला. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस. तीस वेळा घालायची असा त्याचा अर्थ नाही. दहा दिवस डबीत पडून राहिली तरी ते दहा दिवस मोजायचे.

वर्षभर चालणारी मऊ लेन्स अजून मिळते आणि स्वस्त दिसते. माझं मत विचाराल तर घेऊ नका. अश्रूंमधली प्रथिनं तिच्यावर थर धरतात, आठव्या महिन्यात ती गढूळ होते, आणि पैसे दिलेत म्हणून माणूस ती टाकत नाही.

कडक लेन्स हा वेगळा विषय आहे, तो थोडा सविस्तर सांगतो. हिचा व्यास ९-१० मिलिमीटर, मऊ लेन्सचा १४ च्या आसपास. सुरुवातीला कुसळ गेल्यासारखी खुपते, सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पण काही डोळ्यांना तिच्यावाचून पर्याय नसतो. दहावी-बारावीच्या वयात काही मुलांचं पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे यायला लागतं. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, सिलिंडर वाढत जातो, नवा चष्मा घेऊनही फळ्यावरचं अक्षर दुहेरी दिसतं. सतत डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये हे जास्त आढळतं. याला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्यावर कडक लेन्स बसवली की तिच्याखाली अश्रूंचा थर भरतो, खडबडीत पृष्ठभाग झाकला जातो आणि नजर एकदम स्वच्छ होते. जुनी जखम बरी होऊन बुबुळावर फूल पडलेलं असेल, तरी कधी कधी याच लेन्सने दिसणं सुधारतं. अगदीच वेडावाकडा डोळा असेल तर पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स असते. फिक यांनी १८८८ मध्ये केली होती तीच कल्पना, आता हवा जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये. यासाठी पुण्यातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयात जावं लागतं. जा. "मुलगा अभ्यास टाळतो" म्हणून वर्षं घालवू नका. आजार वाढता असेल तर तो थांबवायचे उपचारही वेळेत करता येतात.

सिलिंडर नंबर असेल तर टोरिक लेन्स. चाळिशी लागली असेल तर मल्टिफोकल, पण ती सगळ्यांना मानवत नाही, आधी चाचणी घ्या.

झोपेत घालायला चालते असं डब्यावर छापलेली लेन्सही आपल्याकडे झोपेत घालू नका. लेन्स घालून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो. मिटलेल्या पापणीखाली मुळातच हवा कमी असते.

दुकानात

डबा हातात घेऊन वाचा. नंबर, गोलाई (८.४, ८.६ असा आकडा), व्यास, बॅच क्रमांक, मुदत, परवाना क्रमांक. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, लेन्सही त्यातच मोडते. उजव्या-डाव्या डोळ्याचा नंबर वेगळा असेल तर डबे वेगळे, त्यावर पेनाने 'उ' आणि 'डा' लिहून ठेवा. पक्कं बिल घ्या.

सुटी लेन्स, फोडलेला डबा, "नंबर जवळपासचा आहे, चालून जाईल" असं म्हणून दिलेली लेन्स, यातलं काही घेऊ नका. जवळपासच्या नंबरावर डोकं दुखतं.

सलाईन आणि सोल्यूशन यांत गफलत करू नका. सलाईनने लेन्स फक्त ओली होते, जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन घेतलं असेल तर त्याच्याच डबीत, डब्यावर लिहिलेले तास पूर्ण होईपर्यंत लेन्स ठेवावी लागते. थेट डोळ्यात गेलं तर भाजतं.

लेन्स घेतली तरी आजच्या नंबरचा चष्मा घरात हवाच. चष्मा नसलेला माणूस लाल डोळ्यातही लेन्स घालतो, कारण त्याला दुसरा इलाजच नसतो.

रोज

साबणाने हात धुवा, स्वच्छ टॉवेलने कोरडे करा. ओल्या हाताने लेन्स उचलू नका. मिरच्या तोडल्या असतील, ठेचा वाटला असेल, तर दोनदा धुवा आणि तरीही आधी एक बोट ओठाला लावून बघा. मग पुन्हा धुवा. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

काजळ-पावडर लेन्स घातल्यानंतर. उतरवताना आधी लेन्स काढा.

महिन्याची लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाका आणि बोटाने हलकेच चोळा. मग सोल्यूशननेच खळखळून धुवा. "चोळायची गरज नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी चोळा. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून टाका, त्यात नवीन भर घालू नका. डबी सोल्यूशनने धुऊन, उघडी, पालथी वाळवा. तीन महिन्यांनी डबी बदला. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा.

थुंकी लावून लेन्स घालू नका. रस्त्यात पडली तर टाकून द्या.

आता पाणी. नळाचं नाही, बोअरचं नाही, विहिरीचं नाही, उकळून गार केलेलं नाही, बाटलीबंद नाही. लेन्सला कुठलंही पाणी लावायचं नाही. पाण्यात आणि मातीत अकँथअमीबा नावाचा एकपेशी जीव राहतो. प्यायलो तर पोटात काही करत नाही. लेन्स आणि बुबुळ यांच्यामध्ये सापडला तर तिथे घर करतो, कवच धरून बसतो, औषधाला महिनोन् महिने दाद देत नाही. दुखणं इतकं असतं, की बाहेरून दिसणाऱ्या लालीशी त्याचा मेळच बसत नाही.

म्हणून लेन्स घालून विहिरीत उडी नको. कुकडीच्या कालव्यात पोहणं नको, डिंभ्याच्या जलाशयात नको, ओझरला नदीत डुबकी नको. अंघोळीच्या आधी लेन्स घालू नका. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या अंगाला भाताच्या खाचरात आवणी करताना चिखलाचं पाणी तोंडावर उडतंच, त्या दिवसांत लेन्स पेटीत बंद.

शेतात: काय टाळावे, काय करावे

फवारणीला लेन्स घालून जाऊ नका. द्राक्षावर गंधक धुरळताना, टोमॅटोवर औषध मारताना हवेत जे तुषार असतात ते मऊ लेन्स शोषून घेते आणि तासन् तास बुबुळाला लावून ठेवते. चष्मा, त्यावर संरक्षक गॉगल, आणि वाऱ्याकडे पाठ.

तरीही औषध डोळ्यात गेलं तर? इथे वरचा पाण्याचा नियम मोडायचा. लेन्स शोधत बसू नका, ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला लागा. धुता धुता लेन्स निघाली तर काढा आणि पुढे किमान पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा. मग दवाखाना. औषधाची बाटली किंवा पुडी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय गेलंय ते कळतं.

उसात शिरताना लेन्स नको. पात्याची कड करवतीसारखी असते, हे उसातून चालणाऱ्या प्रत्येकाच्या हातांवर लिहिलेलं असतं. बुबुळावर तिचा ओरखडा उठला, की पात्यावरची बुरशी थेट आत जाते. भारतात शेतकऱ्यांच्या डोळ्यांत बुरशीमुळे होणाऱ्या जखमांमागे बहुतेकदा फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या दोन जाती असतात. टोमॅटोवाल्यांना फ्युझेरियम सांगायला नको, मर रोगाला कारण ठरणाऱ्या बुरशीचं हेच घराणं. लेन्स घातलेली असेल तर ओरखडा लगेच जाणवत नाही, लेन्स पट्टीसारखी वर बसते, दुखणं झाकते, आणि खाली बुरशीला उबदार जागा मिळते. २००६ मध्ये लेन्सच्या सोल्यूशनचा एक प्रकार जगभरातून परत बोलवावा लागला, तोही फ्युझेरियममुळे झालेल्या संसर्गांनंतरच.

कांदा चाळीत भरताना, मळणीयंत्राच्या तोंडाशी, पाचट पेटवलेल्या रानात चष्मा. पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकीने जाताना लेन्स चालेल, पण हेल्मेटची काच खाली हवी.

रात्रीच्या विजेचं काय? शेतीची वीज अनेकदा रात्रीचीच मिळते, बिबट्याच्या भीतीने बॅटरी आणि काठी घेऊन माणूस भरण्याला जातो. पहाटेपासून घातलेली लेन्स तशीच डोळ्यात असते, आणि मोटरीच्या खोलीत कधी डुलकी लागते ते कळत नाही. माझं असंच झालं. गव्हाचं भरणं होतं. आदल्या दिवशी उसाच्या बांधावरून गेलो होतो, काहीतरी डोळ्याला चाटून गेलं होतं, चोळलं आणि विसरलो. रात्री लेन्ससकट झोपलो. सकाळी डोळा लाल. धूळ गेली असेल म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणला, चार दिवस टाकला. दोन दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली उतरते आणि बुरशी वाढते. पुढे दिवसरात्र दर तासाला औषधाचे थेंब, महिने गेले. नजर वाचली, कारण ठिपका मध्यावर नव्हता. उजव्या डोळ्याने वाचता येतं म्हणून मी तेव्हा लवकर गेलो नाही, हे मला आजही टोचतं.

त्यामुळे भरण्याला जायचं त्या संध्याकाळी लेन्स काढा. चष्म्याला दव धरतं, पुसा.

डोळा लाल झाला तर

लेन्स काढा. हे पहिलं. बरं वाटलं म्हणून तीच पुन्हा घालू नका.

दुखणं, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं, चिपडं येणं, बुबुळावर पांढरट ठिपका, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. "उद्या बाजार आहे, परवा बघू" नको. जाताना ती लेन्स आणि डबी सोबत न्या, त्यातून जंतू कोणता ते तपासता येतं. लेन्स वापरतो हे आपणहून सांगा. उसाचं पातं लागलं असेल, कुसळ गेलं असेल, तर तेही सांगा.

चिठ्ठीशिवाय कुठलाही ड्रॉप नको. घरातला जुना, शेजारणीचा उरलेला तर नाहीच. गुलाबपाणी, मध, आईचं दूध डोळ्यात घालू नका. पदराच्या टोकाने कुसळ काढू नका.

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे येण्याची मोठी साथ आली आणि जिल्हाभर पसरली. अशी साथ असताना लेन्स बंद. डोळे आलेच, तर त्या वेळची लेन्स, डबी आणि उघडी बाटली तिन्ही टाकून द्या आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत चष्मा वापरा. नाहीतर बऱ्या झालेल्या डोळ्यात तेच जंतू परत जातात.

काहीच त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे दाखवा. तपासणीला जाताना लेन्स घालून जा, डोळ्यावर ती कशी बसली आहे ते त्यांना बघता येईल. चष्मा खिशात ठेवा, परत येताना तोच लागेल.

घराबाहेर पडताना पिशवीत एवढं असू द्या: चष्मा, लेन्सची एक जादा जोडी, सोल्यूशनची छोटी बाटली, रिकामी कोरडी डबी, साबणाचा तुकडा, आणि पाकिटात एक चिठ्ठी. तिच्यावर लिहा, "मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो." अपघातात शुद्ध हरपली तर लेन्स काढायची आहे हे दुसऱ्याला त्या चिठ्ठीवरूनच कळेल.